चढाई चालू असताना शेकरू हलत नाही

आमच्या कबड्डी मंडळाचा मॅस्कॉट, म्हणजे शुभंकर, शेकरू आहे, झाडावरची ती मोठी खार, आणि त्या शेकरूच्या पोशाखाच्या आत मी असते. मंडळातल्या लोकांना हे माहीत आहे, घरच्यांना माहीत आहे, मैदानावर येणाऱ्या बाकीच्यांना नाही. ते तसंच राहावं म्हणून मंडळाचं नाव लिहीत नाही. पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठांमधलं जुनं मंडळ आहे, एवढं पुरे. दिवसा मी टिंबर मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब बघते, जीएसटीची रिटर्न भरते, उधारी वसुलीचे फोन करते. वय बेचाळीस. मुलगी आमच्याच मंडळाच्या कुमारी गटात खेळते.

मध्यंतरी दुसऱ्या एका मंडळाच्या ताईंचा फोन आला. त्यांनाही मॅस्कॉट करायचाय. "काय काय लागतं ते जरा सांगा ना." बराच वेळ बोललो, तरी सांगायचं निम्मं राहून गेलं. ते सगळं इथे लिहिते आहे, त्यांच्यासाठी आणि आणखी कुणाला लागलं तर त्यांच्यासाठी.

आधी शेकरूच का ते सांगते. मंडळाच्या बैठकीत वाघ, सिंह आणि मावळा अशी तीन नावं आली होती. वाईट काहीच नाही त्यात, पण वाघ-सिंह सगळ्यांचेच असतात. १९६६च्या फुटबॉल विश्वचषकाचा विली सिंह होता. २००८ साली आपल्या बालेवाडीत राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हाचा 'जिगर' वाघ, आणि २०१०च्या दिल्लीच्या स्पर्धांचा 'शेरा' तोही वाघच. मला मात्र म्युनिकचा वाल्डी आवडतो. १९७२च्या ऑलिंपिकचा तो अधिकृत मॅस्कॉट, डॅशहंड जातीचा कुत्रा. लांबुडकं अंग, आखूड पाय, दिसायला काहीच रुबाबदार नाही. पण ही जात चिवट आणि चपळ, म्हणून त्याची निवड झाली. तिथल्या मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्या आकारात आखला होता. म्हणजे आधी खेळाडूच्या अंगात काय लागतं ते बघायचं आणि मग ते ज्याच्यात आहे तो प्राणी शोधायचा. मी बैठकीत हेच म्हटलं.

माझं माहेर घोडेगावच्या बाजूचं. लहानपणी भीमाशंकरला गेलं की देवदर्शनाइतकीच ओढ शेकरू दिसण्याची असायची. ते अभयारण्य १९८५ साली झालं, ते मुख्यतः त्याच्यासाठीच, आणि शेकरू आपल्या राज्याचा प्राणी आहे. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पांढरं पोट, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पंधरा-वीस फुटांची झेप घेतो, जमिनीवर फारसा उतरतच नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची दुसरी सवय मात्र थांबून बघितल्याशिवाय कळत नाही. धोका वाटला की तो पळत सुटत नाही. फांदीला अंग चिकटवून गपगार होतो. डोळे उघडे, शेपूट स्थिर. आपण खाली मान वर करून उभे, आणि तो वर आपल्याकडे बघत बसलेला.

कबड्डीत कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीचं काम नेमकं हेच असतं. चढाई करणारी आत आली की कोपऱ्यावरची उगाच हलत नाही. गुडघे वाकवून, हात मोकळे ठेवून वाट बघते, आणि पाय टप्प्यात आला की घोटा धरते. मी स्वतः बारावीपर्यंत उजवा कोपरा खेळले. लग्नानंतर खेळ सुटला, नोकरी लागली, मूल झालं. पण तो पवित्रा अंगातून गेलेला नाही. बसस्टॉपवर उभी राहिले तरी माझा डावा पाय पुढे असतो.

बैठकीत शेकरू पक्का झाला. मग सचिव म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण आत शिरणार कोण?" कॉलेजच्या एखाद्या उंच पोराला पैसे देऊन उभं करू, असा सूर निघाला. मी म्हटलं, मी शिरते. मला ते मनापासून हवं होतं. मॅटपासून चार पावलांवर उभं राहायला मिळणार होतं, तेही पुढचा सगळा मोसम.

पहिल्यांदा आम्ही भाड्याचा पोशाख आणून बघितला. कुठून आणला ते सांगत नाही. अस्वल होतं ते, तपकिरी रंगामुळे शेकरू म्हणून खपेल असं वाटलं होतं. डोक्याच्या आत आधीच्या कितीतरी जणांच्या घामाचा वास, आणि डोळ्यांच्या जागी इतकी बारीक भोकं की पायऱ्या दिसत नव्हत्या. पायऱ्या न दिसता कुणी त्यात वाढदिवसांना नाचत असेल, हे मनातून जाईना. तो परत केला आणि आपला बनवायचं ठरलं.

आमच्या भागात गणपतीचे हलते देखावे करणारे एक काका आहेत. पुण्यात असे कारागीर अजून आहेत हे आपलं भाग्य. एरवी राक्षसाची मान हलवणं, गरुडाचे पंख उघडमीट करणं, ही त्यांची कामं. त्यांना शेकरूचे फोटो दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आतलं माणूस किती वेळ उभं राहणार?" भाड्याच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी डोक्याचा सांगाडा वेताचा केला, वर फोमच्या शीट चढवल्या, आणि आत सायकलचं हेल्मेट बसवलं. त्यामुळे डोकं खांद्यांवर न टेकता माझ्या डोक्यावर बसतं आणि मान वळवली की शेकरूची मान वळते. बघायची जागा डोळ्यांत नाही, उघड्या तोंडात आहे. तिथे काळी रंगवलेली जाळी. कानांमागे दोन छोटे पंखे, कॉम्प्युटरच्या आत असतात ते, आणि पाठीवरच्या कप्प्यात पॉवरबँक. एक पंखा हवा आत घेतो, दुसरा बाहेर टाकतो. दोन्ही आत घेणारे लावले तर काचेवर येतो तसा जाळीवर दमटपणा धरतो, हे काकांनी करून बघून शोधून काढलं.

अंगाचं कापड केसाळ, लक्ष्मी रोडवरून आणलं. शिवलं सासूबाईंनी. त्यांनी बरीच वर्षं घरी शिवणकाम केलंय. त्यांनी केसाळ कापडाला आतून सुती अस्तर लावलं, पण ते शिवून टाकलं नाही, चेनने जोडलं. सामना झाला की अस्तर सोडवायचं आणि रोजच्या कपड्यांबरोबर धुवायचं. केसाळ कापड दर वेळी धुता येत नाही, वाळायला दोन दिवस घेतं. ताई, बाकी काही विसरलात तरी चालेल, हे सुटं अस्तर विसरू नका. वास येणाऱ्या मॅस्कॉटला मिठी मारायला मुलं एकदाच येतात.

शेपटाने मात्र आम्हाला दमवलं. शेकरूचं शेपूट लांब हवं, आणि लांब शेपूट लोक ओढतात. पहिलं शेपूट पोशाखालाच शिवलेलं होतं. एका पोराने मागून हिसका दिला आणि मी पाठीवर पडले. आता शेपूट कमरेच्या पट्ट्याला चुंबकी बटणांनी लावलेलं असतं. ओढलं की निघून हातात येतं, आणि माझी भाची ते हसत परत मागून घेते.

भाची म्हणजे माझी सोबती. सोबतीशिवाय मॅस्कॉट मैदानात उतरवू नका, ही माझी अगदी हात जोडून विनंती आहे. जाळीतून समोरचं दिसतं. बाजूचं आणि गुडघ्याखालचं काही दिसत नाही, आणि नेमकी लहान मुलं तिथेच असतात. भाची माझा डावा पंजा धरून चालते. एकदा दाबला तर थांब, दोनदा दाबला तर खाली मूल आहे, अंगठा फिरवला तर वेळ झाली, आत चल. वीस मिनिटं झाली की आत. उन्हाळ्याच्या मोसमात पंधरा. सामने संध्याकाळी असले तरी एप्रिलमध्ये पुण्याची जमीन रात्री नऊपर्यंत तापलेली असते आणि पोशाखाच्या आत घाम वाळत नाही. आत गेल्यावर डोकं काढायचं, मीठ-साखरेचं लिंबूपाणी घोटघोट प्यायचं, मनगटं गार पाण्यात धरायची. डोकं उघड्यावर कधीच काढायचं नाही, आणि बोलायचं नाही. कितीही ओळखीचं माणूस समोर आलं तरी नाही. माझे शाळेचे जुने क्रीडाशिक्षक एकदा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना मी वाकून नमस्कार केला, पंजे जोडून. त्यांनीही हात जोडले. त्यांना अजून माहीत नाही कोण होतं ते.

लहान मुलांबद्दल थोडं सविस्तर सांगते. तीन वर्षांच्या आतलं मूल मोठ्या डोक्याला घाबरतंच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आईबाप हौसेने त्याला उचलून माझ्या तोंडाशी आणतात, फोटोसाठी. मी तेव्हा मागे सरते, एका बाजूला वळते आणि खाली बसते. आधी शेपूट दाखवते. शेपटाला डोळे नसतात, त्यामुळे त्याची भीती कमी वाटते. मूल शेपटाला हात लावतं, मग पंजाला, आणि मग कधीतरी वर बघतं. नाहीच बघितलं तर नाही. फोटो पुढच्या वेळी.

एक मुलगी होती, पाचेक वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिने माझा पंजा हातात घेऊन एकेक बोट दाबून बघितलं. मग जाळीच्या अगदी जवळ तोंड आणून हळूच विचारलं, "तुला इथे पाणी देतात का?" मी मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही. तिने गळ्यातली बाटली काढली, झाकण उघडलं आणि जाळीतून सरळ आत पाणी ओतलं. नाकावरून, गळ्यावरून, अस्तराच्या आत पोटापर्यंत गार ओघळ गेला. भाची धावली, पण मी तिला हाताने थांबवलं. बाटली अर्धी झाल्यावर मुलीने झाकण लावलं आणि स्वतःच्या जागेवर जाऊन बसली. त्या संध्याकाळी त्या पाण्याइतकं दुसरं काही मला मिळालं नाही.

आता मुख्य मुद्दा. मॅस्कॉटला खेळ कळला पाहिजे. नाचता येतं का, उड्या मारता येतात का, हे नंतर. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची. तेवढा वेळ चढाई करणाऱ्याने 'कबड्डी कबड्डी' हा दम धरायचा असतो, आणि तो पंचांना स्पष्ट ऐकू जावा लागतो. समोर सात जण एकमेकांना डोळ्यांनी, बोटांनी खुणा करत असतात. अशा वेळी मॅटच्या कडेला एक केसाळ अवाढव्य प्राणी टाळ्या पिटत नाचायला लागला, तर तो खेळाडूच्या नजरेत येतो. म्हणून आमचा नियम असा की चढाई सुरू झाली की शेकरू गोठतो. जिथे असेल तिथे, ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत. पंचांचा हात वर गेला की मगच हलायचं. गंमत म्हणजे हे गोठणंच लोकांना सगळ्यात आवडलं. पुढच्या रांगेतली पोरंही माझ्याबरोबर गोठतात, एक पाय वर असेल तर तसेच, आणि गुण मिळाला की सगळी एकदम उसळतात.

एका स्पर्धेत आयोजकांचं मत वेगळं होतं. त्यांनी डीजे लावला होता आणि मला सतत नाचत राहायला सांगितलं, चढाई चालू असतानाही. मला ते पटलं नाही. त्या दिवशी मी पोशाख घातला नाही, प्रेक्षकांत बसून सामने बघितले. आमच्या मंडळाच्या प्रशिक्षक सरांनी मला साथ दिली. खेळाडू तीस सेकंदांसाठी सगळा जीव एकवटून आत जातो, त्या वेळी त्याच्यावरून लक्ष काढून घेणं हा त्याचा अपमान आहे, असं मला ठामपणे वाटतं.

खुणा आम्ही हळूहळू बसवल्या. बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, मिळाला की एक पाय मागे लांब उचलून झुलायचं. तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड झाली तर दोन गुण मिळतात, तेव्हा दोन्ही पंजे डोक्यावर आणि शेपटाचा गोल. दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि तिसरी आली की मी तीन बोटं वर करते, म्हणजे नव्याने खेळ बघणाऱ्यालाही कळतं की आता गुण आणला नाही तर हा बाद. १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून प्रो कबड्डी जिंकली. तेव्हापासून आमच्याकडे असे नवे प्रेक्षक बरेच येतात, आया जास्त. त्यांना नियम कुणीतरी समजावायला हवेत, आणि ते न बोलता समजावता येतात.

प्रतिस्पर्ध्यांना चिडवायचं नाही, हा आणखी एक नियम. पेठांमधल्या सामन्यांत हुर्यो उडवण्याची जुनी खोड आहे. शेकरू त्यात नाही. समोरच्या संघाची मुलगी दुखापत होऊन बाहेर आली तर मी तिच्यापासून थोड्या अंतरावर खाली बसते, ती उठेपर्यंत.

यंदा कुमारींचा उपांत्य सामना होता. माझी मुलगी डाव्या कोपऱ्यावर. पहिल्या डावातच आमच्यावर लोण पडला, म्हणजे आमच्या सगळ्या मुली बाद झाल्या, मध्यंतराला नऊ गुणांनी मागे. अशा वेळी मैदान कसं रिकामं होतं ते खेळलेल्यांना माहीत आहे. लोक उठून भेळेच्या गाडीकडे जातात, उरलेले मोबाईल काढतात. पोरी मॅटवर पाय ठेवतात तेव्हा त्यांना खुर्च्यांचे आवाज ऐकू येतात. मला त्या आवाजाची आजही चीड आहे. मी पुढच्या रांगेसमोर गेले आणि कोपऱ्याचा पवित्रा घेतला. गुडघे वाकवले, पंजे मोकळे सोडले, नजर मध्यरेषेवर. नाच नाही, टाळ्या नाहीत. एक पोरगा उठून माझ्याशेजारी तसाच उभा राहिला. मग त्याची बहीण. मग एक आजोबा, धोतर सावरत, आणि त्यांचा पवित्रा आम्हा सगळ्यांपेक्षा पक्का होता, पाय कसे टाकायचे ते त्यांना नीट ठाऊक होतं. बघता बघता कडेला सबंध ओळ झाली, पंचवीस-तीस माणसांची, सगळी वाकलेली, सगळी गप्प. समोरची चढाई करणारी आत आली. माझ्या मुलीने दोनदा पाय देऊन काढून घेतला, तिसऱ्यांदा घोटा धरला आणि बाकीच्या दोघी तिच्यावर पडल्या. शिट्टी झाली आणि ती सगळी ओळ एकदम हवेत उडाली.

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटच्या चढाईपर्यंत ती ओळ मोडली नाही. नंतर सर पोरींना म्हणाले, "आज कुणी घरी गेलं नाही, बघितलंत का?" पोरींनी बघितलं होतं. माझी मुलगी रात्री जेवताना त्या आजोबांबद्दलच बोलत होती, की पुढच्या सरावाला त्यांना बोलवू या, ते नक्की कुठेतरी खेळलेले आहेत.

एक विषय राहिला, आणि तो मंडळाच्या बाहेरचा आहे. रस्त्यांवर दुकानांसमोर अस्वल, ससा, कार्टूनचे पोशाख घालून मुलं उभी असतात, लग्नाच्या हॉलबाहेर असतात. त्यांना सोबती नसतो. पंखा नसतो. वीस मिनिटांनी आत बोलावणारं कुणी नसतं, आणि उभं असतं भर दुपारी. मी आता अशा कुणाजवळून गेले की थांबते आणि विचारते, पाणी आणू का. बहुतेकदा डोकं जोरात वरखाली होतं. दुकानदारांना मी स्पष्ट सांगते, याला सावलीत बसू द्या, दर अर्ध्या तासाने डोकं काढू द्या. काही जण ऐकतात. तुम्हीही विचारा, आणि शेपूट ओढणाऱ्या पोरांना आवरा.

तर ताई, तुमच्यासाठी आणखी थोडं. शिरणारं माणूस निवडताना उंची बघू नका, तो खेळ खेळलेलं कुणी मिळतंय का बघा. दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर नको. सोबती आधी ठरवा, प्राणी नंतर. डोकं जितकं हलकं करता येईल तितकं करा. आमचं सुरुवातीला चार किलोच्या वर गेलं होतं, काकांनी आतला निम्मा वेत कापून काढला तेव्हा मान वाचली. जाळीला काळा रंग द्याल तो चमकणारा नको. दिव्याखाली तो चकाकतो आणि आतून काही दिसत नाही.

आणि काकांचा नंबर तुम्हाला पाठवते, पण दहीहंडी ते अनंत चतुर्दशी ते कुणाचाच फोन घेत नाहीत. विसर्जनानंतर दोन-चार दिवस त्यांना झोपू द्या आणि मग जा. जाताना प्राण्याचे फोटो चारही बाजूंनी काढलेले न्या, पाठीचा तर हवाच. शेपटाची चुंबकी बटणं ते स्वतः आणत नाहीत, ती बोहरी आळीत बघा.